तारकागुच्छांतील तरुण, उष्ण ताऱ्यांचा अभ्यास : प्रकाशमिती आणि वर्णपट यांची सांगड कशी घालावी

ओ आणि बी, म्हणजे वर्णपटाच्या वर्गीकरणातल्या सर्वांत उष्ण प्रकारांच्या ताऱ्यांचा अभ्यास हाती घेणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. नुसत्या रंगावरून या ताऱ्यांचे तापमान कळत नाही, आणि कळलेच तर फार ढोबळ कळते. सुमारे ४०,००० केल्विन तापमानाच्या ओ५ ताऱ्याचा (प्रकारापुढचा आकडा वाढतो तसा तारा थंड) मूळ बी−व्ही वर्णांक, म्हणजे निळ्या (बी) आणि दृश्य (व्ही) फिल्टरांत मोजलेल्या प्रतींचा फरक, −०.३२ च्या आसपास असतो (प्रत हे तेजाचे माप; तारा तेजस्वी तशी ती लहान) आणि ३०,००० केल्विनच्या बी० ताऱ्याचा −०.३० च्या आसपास. म्हणजे तापमानातला दहा हजार केल्विनचा फरक वर्णांकात जेमतेम ०.०२ प्रतीचा फरक करतो, आणि इतकी चूक तर चांगल्या प्रकाशमितीतही, म्हणजे फिल्टरमधून तेज मोजण्यातही, सहज राहून जाते. याचे कारण असे की, एवढ्या उष्ण ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अतिनील भागात बाहेर पडतो आणि दृश्य भागात आपल्याला त्याच्या वर्णपटाची केवळ उतरती शेपटी दिसते. त्या शेपटीचा उतार तापमान वाढले तरी फारसा बदलत नाही.

दुसरीकडे, वर्णपटावरून तापमान नेमके कळते, पण प्रत्येक ताऱ्यासाठी दुर्बिणीचा बराच वेळ खर्ची पडतो. म्हणून प्रकाशमितीने शेकडो ताऱ्यांची चाळणी करायची, वर्णपटाने त्यांतील निवडक ताऱ्यांचे स्वरूप निश्चित करायचे आणि त्या निश्चितीच्या आधारे उरलेल्या ताऱ्यांचा अर्थ लावायचा, असा क्रम ठेवावा लागतो. या लेखात तोच क्रम पायरीपायरीने मांडला आहे.

गुच्छ कोणता घ्यावा

गुच्छातले तारे जवळपास एकाच वेळी, एकाच वायुमेघातून जन्मलेले असतात आणि आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे एकट्यादुकट्या ताऱ्याच्या बाबतीत अज्ञात राहणारे वय आणि अंतर इथे सर्वांना मिळून एकदाच ठरवता येते. ओ ताऱ्यांचे आयुष्य अवघे काही दशलक्ष वर्षांचे असते, तर बी प्रकारच्या शेवटच्या उपप्रकारांचे काहीशे दशलक्ष वर्षांचे. म्हणून कोणत्या ताऱ्यांचा अभ्यास करायचा यावर गुच्छाची निवड अवलंबून असते. ओ तारे हवे असतील तर वृश्चिकेतील एनजीसी ६२३१ किंवा गरुड तेजोमेघातील एनजीसी ६६११ यांसारखे अगदी तरुण गुच्छ घ्यावेत. बी ताऱ्यांसाठी ययातीतील जोडगुच्छ, म्हणजे एनजीसी ८६९ आणि एनजीसी ८८४, फारच सोयीचे आहेत. त्यांचे वय सुमारे १३ ते १४ दशलक्ष वर्षे असून अंतर सुमारे २,३०० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) आहे, आणि ज्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या उत्सर्जनरेषा दिसतात असे ‘बीई’ तारे त्यांत विपुल आहेत. शर्मिष्ठेतील एनजीसी ६६३ हा गुच्छही बीई ताऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. नवशिक्याने मात्र कृत्तिकांपासून सुरुवात करावी असे मला वाटते. त्या जवळ आहेत, त्यांच्या दिशेने धूळ कमी आहे, त्यांचे तेजस्वी तारे बी प्रकारचेच आहेत आणि छोट्या दुर्बिणीनेही त्यांचे चांगले वर्णपट मिळतात.

फार तरुण गुच्छ निवडताना एक किंमत मोजावी लागते. तिथे अजून वायू आणि धूळ शिल्लक असते, धूळ सर्वत्र सारखी पसरलेली नसते आणि तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक मोजमापात मिसळतो. या दोन्ही अडचणींचा विचार पुढे येईल.

गुच्छाचे सदस्य वेगळे काढणे

पहिले मोजमाप करण्याआधी क्षेत्रातले कोणते तारे खरोखर गुच्छाचे आहेत हे ठरवावे. गाया उपग्रहाच्या जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या विदासंचात पराशय (पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यामुळे ताऱ्याच्या जागेत दिसणारा, अंतर सांगणारा बारीक बदल) आणि निजगती (ताऱ्याचे आकाशात दरवर्षी होणारे सरकणे) या दोन्ही गोष्टी मिळतात. निजगतींचा आलेख काढला की गुच्छातले तारे एका ठिकाणी दाट गोळा झालेले दिसतात आणि पार्श्वभूमीचे तारे विखुरलेले.

इथे दोन गोष्टींकडे बारकाईने पाहावे. पहिली पराशयाच्या शून्यबिंदूची. गायाचे पराशय किंचित कमी मोजले गेलेले असून ही तूट साधारणपणे ०.०२ ते ०.०४ मिलिआर्कसेकंद (अंशाच्या ३,६००व्या भागाचा हजारावा भाग) असते. कृत्तिकांसारख्या जवळच्या गुच्छात तिने काही बिघडत नाही, पण जोडगुच्छात बिघडते. समजा, सदस्यांचा सरासरी पराशय ०.४० मिलिआर्कसेकंद आला, तर सरळ व्यस्त काढून अंतर २,५०० पार्सेक येते. ०.०४ ची दुरुस्ती केली तर पराशय ०.४४ होतो आणि अंतर सुमारे २,२७० पार्सेकवर येते. दुरुस्ती विसरल्यास प्रत्येक तारा प्रत्यक्षापेक्षा सुमारे २० टक्के अधिक तेजस्वी ठरतो आणि पुढचे वयाचे गणितही चुकते.

दुसरी गोष्ट निजगतीच्या मर्यादेची. पार्सेकमधील अंतराला हजाराने भागून येणारी संख्या, निजगती आणि ४.७४ यांचा गुणाकार केला की आडवा वेग किलोमीटर प्रतिसेकंदात मिळतो. २,३०० पार्सेकवर वर्षाला ०.१ मिलिआर्कसेकंद म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर प्रतिसेकंद. गुच्छाचा अंतर्गत वेग एवढ्याच आकाराचा असल्याने मर्यादा फार घट्ट ठेवली तर खरे सदस्यही गळतात. शिवाय उष्ण, वजनदार तारे गुच्छातून वेगाने बाहेर फेकले जाण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यामुळे मध्यवर्ती सदस्यांची एक काटेकोर यादी आणि संशयितांची दुसरी सैल यादी अशा दोन याद्या ठेवाव्यात. गायाच्या यादीत एकट्या ताऱ्याचे प्रतिमान निरीक्षणांशी किती जुळले हे सांगणारा ‘रुवे’ नावाचा अंक असतो. तो १.४ पेक्षा जास्त असलेले तारे वगळण्याचा प्रघात आहे. उष्ण ताऱ्यांच्या अभ्यासात तो आंधळेपणाने पाळू नये, कारण या ताऱ्यांमध्ये जोडीदार असण्याचे प्रमाण फार मोठे आहे आणि या चाळणीत नेमके युग्मतारे बाहेर पडतात. अंतर काढताना त्यांना बाजूला ठेवावे, पण अभ्यासातून वगळू नये.

प्रकाशमिती : यू फिल्टरला पर्याय नाही

बी आणि व्ही या दोन फिल्टरांवर भागवण्याचा मोह होतो, कारण यू या जवळच्या अतिनील फिल्टरमध्ये संवेदकाची क्षमता कमी पडते आणि वातावरणही बरेच प्रकाश शोषून घेते. समुद्रसपाटीपासून उंच असलेल्या चांगल्या जागीही डोक्यावरच्या ताऱ्यासाठी यू मध्ये सुमारे अर्ध्या प्रतीची घट होते, व्ही मध्ये ती दीड ते दोन दशांश प्रत असते. तरीही यू घ्यावाच लागतो. हायड्रोजनच्या बामर श्रेणीच्या रेषांची सीमा ३,६४६ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) आहे आणि त्या सीमेवर वर्णपटात पडणारी पायरी यू फिल्टरच्या पट्ट्यात येते. बी ताऱ्यांमध्ये तापमान वाढते तशी ही पायरी लहान होत जाते, म्हणून यू−बी वर्णांक बी−व्ही पेक्षा तापमानाला कितीतरी अधिक संवेदनशील असतो.

निरीक्षणाच्या वेळी गुच्छाच्या प्रतिमा लहान आणि मोठ्या अशा दोन्ही उद्भासनांच्या (संवेदकावर प्रकाश पडू देण्याच्या अवधींच्या) घ्याव्यात. जोडगुच्छात सातव्या-आठव्या प्रतीचे तारे आणि पंधराव्या प्रतीचे तारे एकाच चौकटीत असतात. मोठ्या उद्भासनात तेजस्वी तारे संवेदकाची मर्यादा ओलांडतात आणि नेमके तेच आपले मुख्य विषय असतात. मात्र एका सेकंदाहून लहान उद्भासने शक्यतो टाळावीत, कारण तिथे झडप उघडण्या-मिटण्याच्या वेळेतली असमानता आणि वातावरणामुळे होणारी लुकलुक दोन्ही मोजमापात उतरतात. पाच सेकंदांच्या दहा प्रतिमा एका अर्ध्या सेकंदाच्या प्रतिमेपेक्षा केव्हाही बऱ्या. त्या मर्यादेतही तारा संपृक्त होत असेल तर दुर्बीण किंचित विकेंद्रित करावी. बायस (शून्य उद्भासनाच्या प्रतिमा) आणि संध्याप्रकाशातले फ्लॅट (एकसारख्या उजळ आकाशाच्या प्रतिमा) प्रत्येक फिल्टरसाठी त्याच रात्री घ्यावेत. यू साठीचे फ्लॅट संध्याकाळी सर्वांत आधी घ्यावे लागतात, कारण त्या पट्ट्यातला आकाशाचा प्रकाश मोजण्याजोगा असण्याचा अवधी लवकर संपतो.

मोजमापाला प्रमाणित करण्यासाठी लँडोल्ट यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेले विषुववृत्ताजवळचे प्रमाणतारे वापरले जातात. त्यांतले निळे तारेही मुद्दाम निवडावेत. लाल ताऱ्यांवरून काढलेले रूपांतराचे समीकरण निळ्या टोकापर्यंत ताणले तर यू−बी मध्ये पद्धतशीर चूक येते, आणि या चुकीने पुढे कोणता तारा कोणत्या उपप्रकारात मोडतो हेच बदलते. ज्याची यूबीव्ही मोजमापे पूर्वीच प्रकाशविद्युत पद्धतीने नीट झाली आहेत असा एखादा तरुण गुच्छ त्याच रात्री टिपला, तर या चुकीची थेट तपासणी होते. मला ही तपासणी प्रमाणताऱ्यांइतकीच आवश्यक वाटते.

गुच्छाच्या गर्दीत ताऱ्याभोवती वर्तुळ आखून प्रकाश मोजणे पुरत नाही, कारण शेजाऱ्याचा प्रकाश त्यात येतो. ताऱ्याच्या प्रतिमेचा आकार एखाद्या सुट्या, तेजस्वी ताऱ्यावरून ठरवून तो सर्व ताऱ्यांवर एकाच वेळी बसवावा. स्टेटसन यांनी १९८७ मध्ये मांडलेली डाओफॉट ही प्रणाली आणि तिच्यावरून पुढे तयार झालेली साधने हेच काम करतात. आकार बसवून झाल्यावर उरलेली प्रतिमा डोळ्यांनी पाहावी. ज्या ठिकाणी काळे-पांढरे कडे राहिले असेल तिथे बहुधा दोन तारे एकच समजून मोजलेले असतात.

क्यू अंक : धुळीपलीकडचा तारा ओळखणे

धूळ ताऱ्याला मंद करते आणि लालसरही करते, त्यामुळे मोजलेला वर्णांक आणि मूळ वर्णांक यांत फरक पडतो. या फरकाला वर्णाधिक्य म्हणतात. जॉन्सन आणि मॉर्गन यांनी १९५३ मध्ये यूबीव्ही पद्धतीबरोबरच यातून सुटण्याचा मार्गही दाखवला. धुळीमुळे यू−बी मध्ये होणारी वाढ ही बी−व्ही मधील वाढीच्या सुमारे ०.७२ पट असते. म्हणून क्यू = (यू−बी) − ०.७२ × (बी−व्ही) असा अंक तयार केला, तर त्यावर धुळीचा परिणाम उरत नाही. उष्ण ताऱ्यांसाठी मूळ बी−व्ही हा साधारणपणे क्यू च्या ०.३३२ पट असतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. एका ताऱ्याची व्ही प्रत १०.५० आहे, बी−व्ही ०.३० आहे आणि यू−बी −०.५० आहे. बी−व्ही धन असल्यामुळे केवळ त्या रंगावरून हा तारा एफ प्रकारचा वाटेल. आता क्यू काढू. ०.७२ × ०.३० = ०.२१६, म्हणून क्यू = −०.५० − ०.२१६ = −०.७१६. मूळ बी−व्ही = ०.३३२ × (−०.७१६) = −०.२४. म्हणजे हा तारा बी१ आणि बी२ यांच्या दरम्यानचा आहे. वर्णाधिक्य ०.३० + ०.२४ = ०.५४ आले आणि त्याला नेहमीच्या ३.१ या गुणोत्तराने गुणले की व्ही मधील क्षीणन १.६७ प्रत येते. धूळ नसती तर हा तारा ८.८३ प्रतीचा दिसला असता.

असे प्रत्येक सदस्यासाठी केले की गुच्छावरील धुळीचा नकाशाच हाती येतो. वर्णाधिक्य सर्वत्र जवळपास सारखे असेल तर एकच सरासरी वापरता येते. ते जागोजागी बदलत असेल तर प्रत्येक ताऱ्याचे क्षीणन स्वतंत्रपणे वजा करावे, अन्यथा रंग-प्रत आलेखातला मुख्य क्रम (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा पट्टा) फुगून जाईल आणि हा फुगवटा ताऱ्यांच्या वयातला फरक समजला जाईल. तेजोमेघात दडलेल्या गुच्छांत ३.१ हे गुणोत्तरही बदलते. तिथे टूमास सर्वेक्षणातील जवळच्या अवरक्त प्रती जोडून ते तपासावे.

या पद्धतीच्या दोन मर्यादा आहेत. ए० नंतरच्या ताऱ्यांना ती लागू पडत नाही, आणि तरीही संगणक त्यांच्यासाठीसुद्धा काहीतरी उत्तर देतोच. शिवाय बीई ताऱ्यांसाठी ती दिशाभूल करते, कारण ताऱ्याभोवतीची वायूची चकती स्वतःच प्रकाश देते आणि यू−बी व बी−व्ही दोन्ही बदलते. बीई ताऱ्यासाठी त्याच्या आसपासच्या साध्या बी ताऱ्यांचे सरासरी वर्णाधिक्य वापरावे.

उत्सर्जन असलेले तारे हुडकणे

पहिला बीई तारा सेक्की यांनी १८६६ मध्ये शर्मिष्ठेतील गॅमा ताऱ्याच्या रूपात ओळखला. त्याकरिता त्यांना एकेका ताऱ्याचा वर्णपट पाहावा लागला. गुच्छात हे काम एकाच प्रतिमेत होऊ शकते. एच-अल्फा या हायड्रोजनच्या लाल रेषेच्या भोवतालचा थोडा रुंद फिल्टर आणि ग्रिझम (प्रकाश पसरवणारी प्रिझम-जाळी) एकत्र लावून, फट न वापरता प्रतिमा घेतली की प्रत्येक ताऱ्याच्या जागी एक आखूड वर्णपट उमटतो, आणि ज्याच्या वर्णपटात तेजस्वी ठिपका दिसतो तो उत्सर्जनतारा. या पद्धतीत तेजोमेघाचा प्रकाश फटीअभावी सर्वत्र सारखा पसरतो, त्यामुळे तो ताऱ्यावर ठिपका म्हणून उमटत नाही. हा तिचा मोठा फायदा आहे. ग्रिझम नसेल तर अरुंद एच-अल्फा फिल्टर आणि रुंद आर फिल्टर यांतील प्रतींचा फरक घ्यावा. उत्तरेकडील आकाशगंगेच्या पट्ट्यासाठी आयफास सर्वेक्षणात अशी मोजमापे तयार मिळतात.

वर्णपट घेणे आणि प्रकार ठरवणे

वर्गीकरणासाठी ३,९०० ते ५,००० अँगस्ट्रॉम हा निळा भाग घ्यावा. विभेदनक्षमता (तरंगलांबी आणि वेगळा ओळखू येणारा तिचा सर्वांत लहान फरक यांचे गुणोत्तर) दोन हजारांच्या आसपास असली तरी चालते, पण संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर किमान १०० असावे, कारण उष्ण ताऱ्यांच्या हेलियम आणि सिलिकॉनच्या रेषा उथळ असतात. तारा क्षितिजाच्या बऱ्यापैकी जवळ असेल तर फट क्षितिजाला लंब ठेवावी. वातावरणातल्या अपवर्तनामुळे निळा आणि लाल प्रकाश क्षितिजाच्या लंब दिशेत वेगळे होतात, आणि फट आडवी असेल तर निळा भाग फटीबाहेर राहतो. तरंगलांबीच्या दिव्याचा वर्णपट प्रत्येक ताऱ्याच्या आधी आणि नंतर घ्यावा.

प्रकार ठरवताना आधी एकदा ४,५४१ अँगस्ट्रॉमवर आयनीभूत, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हेलियमची रेषा शोधावी. ती ठळक दिसली तर तारा ओ प्रकारचा. मग तिची खोली ४,४७१ वरील साध्या हेलियमच्या रेषेशी ताडून पाहावी. दोन्ही सारख्या असतील तर ओ७, आयनीभूत हेलियमची जास्त खोल असेल तर त्याहून उष्ण, साध्या हेलियमची खोल असेल तर त्याहून थंड. आयनीभूत हेलियम नसेल पण साधे हेलियम ठळक असेल तर बी प्रकार. साध्या हेलियमच्या रेषा बी२ च्या आसपास सर्वांत ठळक असतात. त्याच्या आसपास ४,०८९, ४,५५२ आणि ४,१२८–४,१३१ या सिलिकॉनच्या वेगवेगळ्या आयनांच्या रेषांची तुलना करून उपप्रकार ठरतो. बी५ नंतर ४,४७१ वरील हेलियम आणि ४,४८१ वरील मॅग्नेशियम यांचे गुणोत्तर पाहावे. बी८ च्या सुमारास त्या सारख्या होतात.

या दोन रेषांत फक्त दहा अँगस्ट्रॉमचे अंतर आहे, आणि अनेक बी तारे सेकंदाला दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने फिरतात. अशा ताऱ्याच्या रेषा रुंद, उथळ होऊन एकमेकींत मिसळू लागतात. म्हणून वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याची तुलना वेगाने फिरणाऱ्याच प्रमाणताऱ्याशी करावी, किंवा प्रमाणताऱ्याचा वर्णपट गणिताने तेवढा रुंद करून मग ताडावा. प्रमाणतारेही त्याच उपकरणाने टिपलेले असावेत. मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी १९४३ मध्ये घडवलेली वर्गीकरणाची पद्धत मुळात तुलनेचीच आहे, आणि नुसत्या आकड्यांवरून वर्गीकरण करणाऱ्याचा हात या तुलनेअभावी कच्चा राहतो.

भ्रमणवेग मोजायचा असेल तर साधे उपकरण पुरत नाही. सेकंदाला २०० किलोमीटर वेगामुळे ४,४७१ अँगस्ट्रॉमवर सुमारे तीन अँगस्ट्रॉमचा पसारा होतो. १,५०० विभेदनक्षमतेच्या उपकरणाची मर्यादाही तेवढीच आहे, म्हणजे त्याहून कमी वेग तिथे दिसणारच नाही. हायड्रोजनच्या रेषांवरून भ्रमण मोजू नये, कारण त्या ताऱ्याच्या वातावरणातल्या दाबामुळेच रुंद झालेल्या असतात. तोच पसारा ताऱ्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्व सांगतो. प्रतिमानांशी तुलना करताना ओ आणि सुरुवातीच्या बी ताऱ्यांसाठी स्थानिक औष्णिक समतोल (अणूंची अवस्था केवळ त्या त्या थराच्या तापमान-घनतेवरून ठरते हे गृहीतक) न मानणारी टीलस्टीसारखी प्रतिमाने वापरावीत.

एच-अल्फाचे मोजमाप आणि तेजोमेघाची भेसळ

उत्सर्जनाची ताकद तुल्यरुंदीने, म्हणजे रेषेइतकाच प्रकाश असलेल्या लगतच्या सलग वर्णपटाच्या पट्टीच्या रुंदीने, सांगतात आणि उत्सर्जनासाठी ती ऋण धरतात. समजा, एका ताऱ्याची एच-अल्फाची तुल्यरुंदी −१ अँगस्ट्रॉम मोजली आणि त्याच उपप्रकाराच्या साध्या ताऱ्यात इथे +४ अँगस्ट्रॉमचे शोषण असते. तर चकतीचे खरे उत्सर्जन −५ अँगस्ट्रॉमचे आहे. ही वजाबाकी न केल्यास दुबळ्या चकतीचे तारे साधे तारे म्हणून मोजले जातात, आणि गुच्छातील बीई ताऱ्यांचे प्रमाण कमी भरते.

याउलट, तरुण गुच्छात तेजोमेघाचा एच-अल्फा प्रकाश ताऱ्याच्या माथी मारला जाऊ शकतो. ओळख सोपी आहे. ६,५४८ आणि ६,५८३ अँगस्ट्रॉमवर नायट्रोजनच्या अरुंद रेषा दिसल्या की तेजोमेघाची भेसळ आहे असे समजावे, कारण बीई ताऱ्याच्या दाट चकतीत त्या निर्माण होत नाहीत. लांब फटीत ताऱ्याच्या दोन्ही बाजूंचे आकाश वजा करता येते. प्रकाशतंतूंनी घेतलेल्या वर्णपटांत ती सोय नसल्यामुळे जवळच्या रिकाम्या जागीही तंतू ठेवावे लागतात.

उत्सर्जन खरे ठरले तरी तारा बीईच आहे असे नाही. अजून मुख्य क्रमावर न पोहोचलेले हर्बिग ताऱ्यांसारखे तरुण तारेही उत्सर्जन दाखवतात. जे, एच आणि के या जवळच्या अवरक्त फिल्टरांतील प्रतींचा दुरंगी आलेख काढावा. हर्बिग ताऱ्याभोवतीची गरम धूळ के मध्ये मोठे आधिक्य देते, तर बीई ताऱ्याच्या वायूच्या चकतीचे आधिक्य तुलनेने लहान असते.

सगळे एकत्र मांडणे

वर्णपटावरून तापमान, क्यू पद्धतीवरून क्षीणन आणि गायावरून अंतर मिळाले की प्रत्येक ताऱ्याची एकूण तेजस्विता काढता येते. बी० ताऱ्याच्या दृश्य प्रतीत एकूण प्रकाशासाठी सुमारे तीन प्रतींची दुरुस्ती लागते, म्हणजे दृश्य भागात त्याच्या ऊर्जेचा फार लहान हिस्सा दिसतो. ही दुरुस्ती तापमानाबरोबर झपाट्याने बदलते, म्हणून तापमानातली चूक तेजस्वितेतही उतरते. अंतरासाठी एकेका ताऱ्याच्या पराशयाऐवजी सर्व सदस्यांची सरासरी घ्यावी.

त्यानंतर समवयस्क वक्र, म्हणजे एकाच वयाचे पण वेगवेगळ्या वस्तुमानांचे तारे आलेखावर कुठे पडतील हे दाखवणारे वक्र, बसवावेत. उष्ण भागात मुख्य क्रम जवळजवळ उभा असतो, त्यामुळे रंग-प्रत आलेखावर वेगवेगळ्या वयांचे वक्र एकमेकांना चिकटून येतात. तापमान-तेजस्विता आलेखावर ते बरेच सुटे होतात. सारख्या तेजाच्या जोडीदारामुळे तारा ०.७५ प्रतीपर्यंत वर सरकतो. वेगवान भ्रमणाने तारा कोणत्या बाजूने दिसतो त्याप्रमाणे त्याचे स्थान बदलते. जोडीदाराकडून वस्तुमान घेतलेला तारा गुच्छापेक्षा तरुण भासतो. साना आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की ओ ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक ताऱ्यांचा आयुष्यात कधीतरी जोडीदाराशी वस्तुमान-विनिमय होतो. म्हणून सर्वांत वरच्या एका ताऱ्यावर वय ठरवू नये. वय एका आकड्यात न देता त्याची कक्षा द्यावी आणि कोणते तारे वगळले ते कारणासह नोंदवावे.

युग्मतारे ओळखण्यासाठी अरीय वेगाची (आपल्याकडे येण्याच्या किंवा दूर जाण्याच्या वेगाची) मोजमापे काही दिवसांच्या आणि काही महिन्यांच्या अशा दोन्ही अंतरांनी घ्यावीत. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीची दुरुस्ती, जी ३० किलोमीटर प्रतिसेकंदापर्यंत असू शकते, त्याआधी करावी. तेजाच्या बदलासाठी २०१८ मध्ये सोडलेल्या टेस उपग्रहाची विदा उपयोगी आहे. बीटा सेफाय प्रकारच्या ताऱ्यांची काही तासांची स्पंदने तिच्यात स्पष्ट दिसतात. तिचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा आहे, त्यामुळे गुच्छात एका पिक्सेलमध्ये अनेक तारे येतात. स्पंदन नेमके कोणत्या ताऱ्याचे हे जमिनीवरच्या दुर्बिणीने पडताळून घ्यावे.

बीई ताऱ्यांची चकती काही वर्षांत विरून जाते आणि पुन्हा तयारही होते. आज शोषण दाखवणारा तारा दहा वर्षांपूर्वीच्या यादीत बीई म्हणून असू शकतो. म्हणून यूबीव्ही मोजमापे आणि वर्णपट शक्यतो एकाच काळात घ्यावेत, प्रत्येक मोजमापाबरोबर ज्युलियन दिनांक (दिवसांच्या सलग मोजणीतला अंक) लिहावा आणि मूळ प्रतिमा बायस-फ्लॅटसह जतन कराव्यात, कारण त्या ताऱ्याची चकती पुढे बदलली की आजचे हे मोजमाप पुन्हा कोणालाही घेता येणार नाही.